थंड समुद्रातले स्पंज ओळखायचा ऑनलाइन कोर्स अन् स्लाइडचा डबा: घेऊन पाहिला, साडेतीन स्टार

आधी सांगून टाकते, समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, बारावीनंतर मावशीकडं मुंबईला गेली होती तेव्हा, अन् तोही गुडघ्यापर्यंत. तरी गेल्या दीड वर्षापासून माझा खर्च उत्तर अटलांटिकच्या तळावर चालते. भंडारा जिल्ह्यात साकोलीपासून आत आमचं गाव. नागपूरला झूलॉजीत एमएस्सी केलं, नोकरी लागली नाही, मंग घरी बसून फोटो लेबलिंगचं काम धरलं. पाण्याखालचा रोबोट तळावरून फिरत फोटो काढतो, ते फोटो गठ्ठ्यानं माझ्याकडं येतात अन् त्यात जेवढे स्पंज दिसतील त्यांच्याभोवती माउसनं चौकोन काढायचा, लिस्टमधून नाव निवडायचं. फोटोमागं पैसे. चुकलं की फोटो वापस अन् पैसे गेले.

आई मागून जाता जाता स्क्रीनकडं पाहते अन् म्हणते, "दिवसभर गोटेच पायते हे पोरगी." तिची चूक नाही, कारण नॉर्वेकडचे अर्धे स्पंज दिसतातच गोट्यासारखे, फुटबॉलएवढे पांढुरके, मळकट, अन् त्यांच्या बाजूला खरे गोटे पण पडलेले असतात.

तर माझे एवढे फोटो वापस यायला लागले की मी वैतागून हा कोर्स घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार पण आहे अन् तक्रार अजून मिटायची आहे. परदेशातला आहे, इंग्रजीत आहे, नऊ व्हिडिओ, एक पीडीएफ, सरावाचे फोटो मार्कांसहित, अन् वरून पैसे भरले तर दहा तयार स्लाइडचा डबा पोस्टानं. कोर्सचे सहा हजार आठशे अन् डब्याचे तीन हजार दोनशे पडले, म्हणजे पुरे दहा हजार. घरी मी चार हजार सांगितले आहे, इथं कोणी आमच्या गावचं असेल तर कृपा करा.

पहिला व्हिडिओ सोडून द्या, त्यात तेच आहे जे आपण दहावीत रंध्रीय प्राणी संघ म्हणून घोकलं, अंगभर छिद्रं, पाणी बारीक छिद्रातून आत अन् मोठ्या तोंडातून बाहेर. नवीन एवढंच की आता चार वर्ग मानतात, आजपर्यंत नऊ हजारांवर जाती नोंदल्या आहेत अन् त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त एकाच वर्गात, डेमोस्पंज मध्ये. पण दुसरा व्हिडिओ लागला अन् मी जेवण सोडून बसली.

फॅरो बेटं आहेत ना, स्कॉटलंडच्या वर, तिथले मासेमार जाळं ओढतात तर कधी कधी त्यात मासे कमी अन् स्पंजच जास्त. त्या जागेला ते लोक म्हणतात ऑस्तुर, म्हणजे चीज. फुटलेला स्पंज चीजच्या लाद्यासारखा दिसतो म्हणून. आता शास्त्रज्ञ पण पेपरात हाच शब्द वापरतात. आपल्याकडं ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्या लोकांच्या तोंडी कितीतरी नावं आहेत पाण्यातल्या जिवांची, ती कोणत्या पेपरात गेली का, असं एक मनात आलं, असो.

ह्या ऑस्तुरचे दोन प्रकार आहेत अन् माझ्या कामाच्या दृष्टीनं दहा हजारातले सहा हजार इथंच वसूल झाले. एक थोड्या कोमट पाण्यातला, कोमट म्हणजे तिथलं कोमट, तीन-चार डिग्रीच्या वर. त्यात जिओडिया बॅरेटी, जिओडिया मॅकअँड्र्यूआय, जिओडिया अटलांटिका, जिओडिया फ्लेग्रेई अन् स्ट्रिफ्नस फॉर्टिस अशी मंडळी. दुसरा त्याहून गार पाण्यातला, आर्क्टिककडचा, तिथं जिओडिया हेन्शेली, जिओडिया पार्वा अन् स्टेलेटा रॅफिडिओफोरा. म्हणजे फोटो उघडायच्या आधी तो कुठं काढला, किती खोल अन् पाणी किती डिग्री ते पाहायचं. मी इतके दिवस ते तपशील पाहतच नव्हती, सरळ चौकोन काढायला लागायची! शून्याच्या आसपासच्या पाण्यातल्या फोटोवर मी बॅरेटी बॅरेटी लिहून पाठवलेलं आहे. वापस नाही येणार तर काय होणार.

पार्वाची गोष्ट पण मजेची आहे. १८८५ मध्ये हॅन्सन नावाच्या माणसानं तिला नाव दिलं, पुढं लोकांनी तिला फ्लेग्रेईचाच एक प्रकार म्हणून त्याच्यात टाकून दिलं, अन् २०१३ मध्ये कार्डेनास अन् त्याच्या सोबतच्यांनी कंटिका (स्पंजच्या अंगातल्या बारीक सुया, पुढं सांगते) अन् डीएनए तपासून पुन्हा वेगळी जात म्हणून उभी केली. सातबाऱ्यावरून उडालेलं नाव सव्वाशे वर्षांनी पुन्हा चढलं असंच समजा. हेन्शेलीला तर नावच २०१० मध्ये मिळालं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगते, लपवून फायदा नाही. फोटोत कधी कधी हळदीसारखा पिवळाजर्द गोळा दिसतो. मी त्याला पिवळा स्पंज, वेगळी जात म्हणून वीसेक फोटोत टाकलं. चौथ्या व्हिडिओत शिकवणारी बाई आली (बाई चांगली आहे, हळू बोलते) अन् म्हणाली की हा गोळा स्ट्रिफ्नस आहे, तो करडा-काळपट असतो, अन् पिवळा रंग आहे तो त्याच्या अंगावर पातळ थरासारखा पसरलेल्या दुसऱ्याच स्पंजचा, हेक्साडेलाचा. म्हणजे एका चौकोनात दोन प्राणी, एक दुसऱ्याची ओढणी घेऊन बसलेला. फोटो मोठा करून पाहिला तर कडेला जिथं पिवळा थर संपतो तिथं खालचा काळपटपणा दिसते बी. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन हप्त्याचे पैसे वाचले असते.

पंख्यासारख्या अन् पेल्यासारख्या स्पंजांवरचा पाचवा व्हिडिओ ठीक आहे, घाईघाईत उरकला आहे. त्यातला फकेलिया व्हेंटिलाब्रम मात्र माझा आवडता झाला. जिवांना शास्त्रीय नावं द्यायची रीत घालणाऱ्या लिनियसनं १७६७ मध्ये नाव दिलं, अन् व्हेंटिलाब्रम म्हणजे लॅटिनमध्ये धान उडवायचं साधन! मी बाबांना फोटो दाखवला, काही न सांगता, तर म्हणाले, "हे तं सूप होय." राजेहो, लिनियस अन् आमचा बाप एका मताचे निघाले. पण तिथंच गोची आहे, अ‍ॅक्सिनेला पण पेल्यासारखा पसरट असतो, अन् वरून काढलेल्या फोटोत दोघं सारखे दिसतात. कोर्स म्हणतो कडा अन् पृष्ठभाग पाहा. पाहून पाहून डोळे गेले, माझं अजून तिथं दहात चार चुकते.

काचेच्या स्पंजांचा भाग बघायला सुंदर आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाकडं वाझेला पूर्तालेसी म्हणून आहे, त्याला तिथले लोक रशियन टोपी म्हणतात, अन् त्याच्यासाठी २०१३ मध्ये दोन जागा तळ खरवडणाऱ्या मासेमारीला बंद केल्या. हे ओळखायचं काम नुसतं हौसेचं नाही हे इथं कळते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये ठराव केला की खोल समुद्रातले नाजूक अधिवास जपा, त्यावरून नियम आले की जाळ्यात ठरलेल्या वजनाहून जास्त स्पंज आले तर बोटीनं ती जागा सोडून दूर जायचं. आता बोटीवरच्या माणसाला ते स्पंज आहे हेच ओळखू आलं नाही तर नियम कुठं लागू करणार? मांस खाणाऱ्या स्पंजांवर पाचच मिनिटं दिली आहेत, ज्याचा मला राग आला, कारण स्पंज बारीक किडे पकडून खातो हे १९९५ मध्ये पहिल्यांदा कळलं अन् तेही भूमध्य समुद्रातल्या एका गुहेत, अशी गोष्ट कोणी पाच मिनिटांत संपवते का.

उत्तर ध्रुवाजवळ कायम बर्फाखाली समुद्रात बुडालेले डोंगर आहेत, लँगसेथ रिज म्हणतात, २०१६ मध्ये पोलारस्टर्न जहाजावरून तिथं कॅमेरा सोडला तर वरती स्पंजच स्पंज. २०२२ मध्ये छापून आलं की त्यांचं वय सरासरी तीनशे वर्षं, अन् खायला काही नाही म्हणून कधीकाळी मेलेल्या नळीच्या किड्यांच्या उरल्यासुरल्या अवशेषांवर, अंगातल्या जिवाणूंच्या मदतीनं जगतात. हे जेवताना सांगितलं तर बाबा म्हणाले, "तीनशे? म्हणजे आपल्या तलावाच्या जोडीचा." आमच्याकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव कोहळी लोकांनी बांधलेले, कैक पिढ्यांचे, तर बाबांचा हिशेब काही वाईट नाही.

आता मुख्य मुद्दा, कंटिका, म्हणजे स्पिक्युल. ह्यातल्या बहुतेक स्पंजांच्या अंगात काचेच्या बारीक सुया असतात, पाण्यात विरघळलेली सिलिका ओढून तो त्या बनवतो, अन् खरं नाव ह्या सुयांत असते, बाहेरच्या आकारात नाही. जिओडियाच्या सालीत गोळे असतात, स्टेरास्टर, मायक्रोस्कोपखाली कदंबाच्या फुलासारखे, ते एकावर एक दाटीनं बसून कवच तयार होते. आत लांब दांड्याचे त्रिशूळ, कोणाचे तीन काटे पुढं, कोणाचे गळासारखे मागं वळलेले. हा सहावा व्हिडिओ फक्त बावीस मिनिटांचा आहे! ज्याच्यावर अख्खा कोर्स उभा राहायला पाहिजे त्याला बावीस मिनिटं, अन् सर्टिफिकेट कसं डाउनलोड करायचं त्याला अकरा.

पण त्या बावीस मिनिटांत जी रीत सांगितली ती मी करून पाहिली. आता नॉर्वेचा स्पंज कुठून आणणार, तर आमच्या बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, गोड्या पाण्यातला आहे. मार्चमध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या काड्यांवर हिरवट खरबरीत थर दिसते तो. मी चाकूनं खरवडत होती तर तिथं जाळं वाळवत बसलेले ढिवर मामा म्हणाले, "का करून रायली वो बाई? त्याले हात नोको लावू, खाज सुटते." मी म्हटलं, "मामा, हा प्राणी होय जी." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढं काही बोलली नाही. खाज मात्र सुटली, संध्याकाळपर्यंत. आता कळलं ना कशानं, काचच ती.

नखाएवढा तुकडा काचेच्या बाटलीत, त्यावर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, कोरोनात ग्रामपंचायत फवारत होती तेच, पण नवीन घ्या, जुन्याची ताकद जाते. फसफस झालं, हिरवं पिवळं झालं, अर्ध्या तासात मांस गेलं अन् तळाला पिठासारखा साका राहिला. वरचं पाणी हळूच काढायचं, नवीन टाकायचं, साका बसू द्यायचा, असं चार वेळा. घाई केली तर सुया पाण्याबरोबर मोरीत जातात, माझ्या पहिल्या वेळी गेल्या. अन् ओढणीवर थेंब उडाला तर तिथं कायमचा पांढरा डाग, नवीन ओढणी होती. मंग स्लाइडवर थेंब, वाळू दिला, कॉलेजातून मॅडमला विनंती करून आणलेला मायक्रोस्कोप लावला. लाईन गेलेली होती म्हणून आरसा खिडकीकडं वळवला अन् उन्हात पाहिलं.

सुया. शेकडो. दोन्ही टोकं अणकुचीदार, मधे जरा वाकलेल्या, एकदम स्वच्छ, अन् प्रत्येकीच्या मधून एक बारीक रेघ जाते, ती पोकळ नळी. आमच्या बोडीत, जिथं म्हशी बसतात तिथं. मी आईला बोलावलं, तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं अन् म्हणाली, "कुसळं हायत." धानाची कुसळं. याहून चांगलं वर्णन पीडीएफमध्ये नाही.

एक गोष्ट कोर्सनं सांगायला पाहिजे होती अन् सांगितली नाही, ती मी नंतर स्वतः वाचून काढली. हेन्री जॉन कार्टर म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर मुंबईत होता, त्यानं १८४९ मध्ये मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर लिहिलं. अन् तोच माणूस पुढं इंग्लंडला जाऊन १८७० च्या दशकात पोर्क्युपाइन जहाजानं अटलांटिकच्या तळातून काढलेल्या स्पंजांची अन् त्यांच्या कंटिकांची वर्णनं करत बसला. म्हणजे खोल समुद्राचे स्पंज ओळखणाऱ्यांतल्या एका मोठ्या माणसाची नजर आपल्या इकडच्या पाण्यावर तयार झालेली आहे. इतिहासाच्या व्हिडिओत समुद्राचा तळ धुंडाळणारं चॅलेंजर जहाज आहे, लिनियस आहे, कार्टरची एक ओळ नाही.

आता शिव्या. पहिल्या व्हिडिओत ती बाई स्वतः सांगते की नुसत्या फोटोवरून जातीपर्यंत जाता येत नाही, वंशापर्यंत गेलात तरी पुष्कळ, नाहीतर आकार लिहा, गोळा, पंखा, पेला, थर, अन् थांबा. सोळा आणे खरं. मंग सरावाच्या फोटोंत काय विचारता? जातच! खाली चार पर्याय, हेन्शेली की पार्वा, अन् फोटोत धुकं, तळावरचा गाळ उडालेला, स्पंज अंगठ्याएवढा. ‘सांगता येत नाही’ असा पर्यायच नाही. मी त्यांना मेल केला की बाप्पा, तुम्हीच शिकवता एक अन् विचारता दुसरं, तर उत्तर आलं की सूचनेबद्दल आभार. माझ्या कामात मात्र मी बाईचंच ऐकलं, खात्री नसली तर ‘जिओडिया, जात ठरली नाही, नमुना लागेल’ असं लिहायला लागली, तर वापस येणारे फोटो निम्म्यावर आले. मला वाटत होतं नाव नाही लिहिलं तर पैसे कापतील. उलट झालं.

व्हिडिओ डाउनलोड होत नाहीत, ऑनलाइनच पाहा. आमच्याकडं टॉवर गावाच्या एका बाजूला, त्यामुळं मी दोन व्हिडिओ गोठ्याच्या भिंतीला टेकून मोबाइलवर पाहिले आहेत, जिओडियाच्या मधे म्हैस हंबरते. खाली इंग्रजी अक्षरं येतात ती मशीननं टाकलेली, त्यात जिओडियाचं जॉर्जिया होते अन् स्टेलेटाचं कधी कधी चक्क स्टिलेटो. नवीन माणूस तेच पाठ करेल. पीडीएफ चांगली आहे, छापून घेतली, साकोलीला रंगीत प्रिंट महाग पडली पण घ्या, काळ्या-पांढऱ्यात त्याचा उपयोग शून्य.

स्लाइडचा डबा एक महिना सात दिवसांनी आला, कुरिअरवाला गावात येत नाही, फोन करून बोलावतो तालुक्याला. उघडला तर दहातल्या दोन फुटलेल्या. फोटो पाठवला, त्यांनी जास्त कटकट न करता दोन नवीन पाठवल्या, ह्याचा अर्धा स्टार वेगळा. बाकी आठ एक नंबर आहेत, स्वच्छ, रंग न लावलेल्या, थेनिया नावाच्या स्पंजाची तर मी आठवड्यातून एकदा उगाच काढून पाहते.

कोणी घ्यावा? लेबलिंगचं काम करणाऱ्यांनी घ्या, डब्याशिवाय पण चालेल. एमएस्सीवाल्यांनी डब्यासहित घ्या, पण कॉलेजचा मायक्रोस्कोप हातात असेल तरच. नुसती हौस असेल तर आधी बोडीतली एक काडी खरवडून पाहा, ब्लीचची बाटली शंभराच्या आत येते, अन् जुनी ओढणी घाला.

अन् आता ती तक्रार जिच्यामुळं कंपनीचं नाव लिहिलं नाही. बदलून आलेल्या दोन स्लाइडपैकी एकीवर चिठ्ठी होती जिओडिया बॅरेटी. लावली मायक्रोस्कोपखाली, कदंबाचा एक गोळा दिसेना. वाटलं माझंच काही चुकते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवली, दोनदा. एक स्टेरास्टर नाही, एक त्रिशूळ नाही. होत्या त्या सगळ्या सहा टोकांच्या चांदण्या, काटकोनात, वर-खाली, पुढं-मागं, डावी-उजवी. हे जिओडिया असूच शकत नाही, सहा टोकांच्या सुया ही काचेच्या स्पंजांची खूण, तो वर्गच वेगळा. त्यांच्याच सहाव्या व्हिडिओतलं वाक्य वेळेसकट लिहून, फोटो जोडून मेल टाकला. चार दिवसांनी उत्तर आलं, शिकवणाऱ्या बाईचं स्वतःचं, की तुमचं बरोबर आहे, चिठ्ठी चुकीची चिकटली, दुसरी पाठवतो. त्याला आता तीन हप्ते झाले, कुरिअरवाल्याचा फोन नाही. आली की खाली लिहीन, तोपर्यंत साडेतीनच.